खरकट्या पाण्याची वाट

नगरच्या जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, की चुलीच्याही आधी एक कोपरा ओळखू येतो. जमिनीपेक्षा चार बोटं खोल, कडेला बुटका कठडा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला दगड आणि भिंतीच्या तळाशी मूठ जाईल एवढं भोक. ही मोरी. भांडी इथेच घासायची, तांदूळ इथेच धुवायचे, बाहेरून आलेल्याने हातपाय इथेच धुवायचे आणि घाईच्या सकाळी लहान पोराला इथेच न्हाऊ घालायचं. आज घरोघरी ओट्यात बसवलेलं स्टीलचं सिंक याच मोरीच्या वंशातलं आहे.

नळ आला म्हणून सिंक आलं, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी. नळ आल्यावरही कित्येक घरांत वर्षानुवर्षं नळाखाली मोरीच होती आणि बाई पाटावर बसूनच भांडी घासत होती. सिंक यायला आणखी दोन गोष्टी व्हाव्या लागल्या: भांड्यांची काजळी जावी लागली आणि भांडी हलकी व्हावी लागली. या बदलात खरकटं पाणी घरातून कुठल्या वाटेने बाहेर पडतं, ती वाटही बदलली. अहमदनगरसारख्या, आता अहिल्यानगर झालेल्या, पाण्याला पारखं असलेल्या जिल्ह्यात या वाटेचा इतिहास ओट्यापुरता राहत नाही.

शहराची सुरुवातच पाण्याच्या बंदोबस्ताने झाली. १४९० च्या दशकात अहमद निजामशहाने नगर वसवलं आणि त्याच्या वंशजांच्या काळात आसपासच्या उंच भागातून शहरात पाणी आणणारे नहर बांधले गेले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा गावांकडून जमिनीखालून खापरी नळ निघत आणि महाल, बागा, मशिदी, हौद यांना पाणी देत. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा केला होता. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये या नहरांचं तपशीलवार वर्णन आहे. पण हौदापर्यंत आलेलं पाणी स्वयंपाकघरापर्यंत माणसाच्याच अंगाखांद्यावरून जायचं. वाड्यात आड असला तर रहाटाला पोहरा बांधून, नसला तर हौदावरून घागरी भरून. दाराशी रांजण, आत हंडे-कळश्या आणि मोरीपाशी एक पाण्याचं पातेलं व तांब्या. जे पाणी डोक्यावरून येतं ते तांब्यानेच खर्च होतं. तोटी उघडी ठेवून भांडं विसळणं ही कल्पनाच त्या घरात शक्य नव्हती.

हे पाणी सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं. गावविहिरीवर दलितांना घागर बुडवायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत बसायचं किंवा नदी-ओढ्याच्या वाळूत झरा खोदायचा, एवढंच हाती उरे. सोवळ्याओवळ्याच्या घरात पाणी भरपूर सांडायचं आणि वेशीबाहेरच्या वस्तीत एका घागरीवर दिवस काढायचा, हे एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात घडे. पुढे नगर आणि राहुरीला संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन केलं आहे, त्यात धुण्याचा हा ध्यास कुठल्या थराला जाई ते दिसतं.

भांडी घासण्याची रीत मात्र वाड्यात आणि झोपडीत जवळपास एकच होती. आधी ताटातलं खरकटं काढायचं. भाकरीचा तुकडा, भाताची शितं, भाजीचा चोथा एका भांड्यात गोळा होई आणि गोठ्यात जाई. बाजरीचं पीठ मळलेली काठवट थोड्या पाण्यात खरवडून घेत आणि ते पिठाळ पाणी, डाळ-तांदळाचं धोवण म्हशीच्या आंबोणात पडे. मोरीत अन्न जाऊच नये अशी ही व्यवस्था होती. मग चुलीतली राख. गोवरीची राख चाळून एका फुटक्या मडक्यात मोरीपाशीच ठेवलेली असे. नारळाच्या काथ्याची नाहीतर पेंढ्याची घासणी ओली करायची, राखेत बुडवायची आणि भांडं उलटं धरून बुडापासून सुरुवात करायची. राखेतले क्षार तेलकटपणा सोडवतात, तिचे बारीक कण काजळी खरवडतात. पातेलं फार जळलेलं असलं तर खापराचा तुकडा किंवा विटकर. बूड घासताना एका पायाने भांडं दाबून धरावं लागे, सगळं अंग त्यावर झुकवावं लागे. म्हणून मोरी जमिनीलाच हवी होती. कमरेच्या उंचीवर हे काम झालंच नसतं.

तांब्या-पितळेचा मान वेगळा. नगर शहर विसाव्या शतकाच्या आधीपासून तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं होतं. तांबट-कासारांची घरं हातोड्याच्या ठोक्यांनी वाजती असत. पितळेला चिंच आणि मीठ, तांब्याच्या बंबाला लिंबाची साल. आतून कल्हई केलेल्या भांड्यावर राख जपून वापरायची, कारण कथलाचा थर पातळ असतो आणि तो गेला की आमटी-ताक कळकतं. कल्हईवाला गल्लीत आला की भाता लागे, नवसागराचा पांढरा धूर उठे आणि तापल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने कथील चांदीसारखं पसरे.

आता दगडाकडे वळू. नगर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. जुन्या मोऱ्या याच दगडाच्या. पाथरवटाने छिन्नीने टाकलेला, थोडा खडबडीत, पण आंबटाला दाद न देणारा. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगर देशाच्या लोहमार्गांना जोडलं गेलं. त्याआधी १८७१ मध्ये मुंबईहून निघालेली मुख्य रेल्वे सोलापूर, शहाबाद करत रायचूरपर्यंत पोचली होतीच. शहाबादच्या खाणीतली सपाट, राखाडी फरशी रुळावरून दूरदूर जाऊ शकू लागली. पुढच्या काळात महाराष्ट्रभर अंगण, न्हाणी, मोरी शहाबादीची झाली आणि नंतर ओट्यावर आंध्रातली काळी कडप्पा बसली.

सपाट फरशीवर पाणी साचत नाही, झाडू नीट फिरतो, सांधे कमी. गृहिणींना ती आवडली, यात नवल नाही. पण शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि चुनखडीचं आंबटाशी पटत नाही. ज्या चिंचेने पितळ लखलखतं, तीच चिंच मोरीत रोज सांडत राहिली की फरशीची वरची चकाकी जाते, दगड पांढुरका आणि खरखरीत होतो, त्या खरखरीत मळ बसतो, आणि मग मळ काढायला कुणीतरी बाजारातून ॲसिडची बाटली आणतं. ॲसिडने फेस येतो तो मळाचा नव्हे, दगडाचा. जुन्या घरांतल्या मोऱ्यांत नेमक्या भांडी घासण्याच्या जागी खळगे दिसतात. शहाबादीला साधा साबण, गरम पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरतो. सांधे उकलले तर पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले की झालं. तसेच सोडले तर पाणी खाली मुरत राहतं आणि शेजारच्या भिंतीला ओल धरते.

भिंतीतल्या त्या भोकातून पाणी परसात उतरे. तिथे अळू, केळ, कधी कर्दळ, कधी पुदिना. अळूवडीची पानं कुठून येतात हे पोरांना सांगावं लागत नसे. राखेचं पाणी झाडांना मानवे, अन्नाचा अंश आधीच गोठ्यात गेलेला असे, आणि बहुतेक घरांत दिवसाला चार-सहा घागरींपलीकडे पाणी सांडत नसे. त्यामुळे परस ते पिऊन टाकी. भोकात उंदीर-विंचू येऊ नये म्हणून रात्री दगड किंवा चिंधीचा बोळा लावायचा, सकाळी काढायचा. मोरीची निगा म्हणजे एवढंच. दाट वस्तीत, जिथे परसच नव्हतं, तिथे हेच पाणी गल्लीतल्या उघड्या गटारीत जाई आणि डासांचं माहेरघर होई. जुन्या पद्धतीचं कौतुक करताना ही गल्ली विसरू नये.

घरोघर मोरी अशी चालू असतानाच १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि इंग्रजांची छावणी पडली. छावणीतल्या बंगल्यांचं स्वयंपाकघर मुख्य घरापासून सुटं, मागच्या बाजूला असे. भांडी घासायला वेगळा मसालची. साहेबाच्या घरात चिनी मातीचं सिंक कुठे असलंच, तरी त्याचा नगरच्या घरांवर काही परिणाम झाल्याचं दिसत नाही. ज्या घरात राख, चूल आणि पितळ आहे तिथे चिनी मातीच्या भांड्याचा उपयोगच नव्हता. पितळेचा हंडा आपटला की ते तडकणार.

मग १९७२ चा दुष्काळ आला. नगर जिल्ह्यात पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडचा पट्टा तसाही पर्जन्यछायेत. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीत पाऊस धो-धो कोसळतो, तिथेच १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण आहे. पण पूर्वेच्या गावांत विहिरींचे तळ उघडे पडले. त्या सुमारास खोल बोअर घेण्याचं तंत्र खेड्यात पोचलं आणि बोअरवर बसवायला टिकाऊ हातपंप हवा झाला. घरगुती वापरासाठी बनलेले ओतीव लोखंडी पंप अख्ख्या गावाचा दांडा झेलू शकत नव्हते; ते महिन्यांत मोडत. यावर तोडगा शोधणाऱ्यांत जालना आणि सोलापूर यांच्याबरोबर नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनचेही लोक होते. ‘जालना पंप’, ‘वडाळा पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ अशा क्रमाने सुधारणा होत गेल्या आणि सोलापूरच्या नमुन्यावरून सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ तयार झाला. हा पंप पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या आवारात झालेल्या खटपटीचा अंश त्यात आहे, याचा जिल्ह्याने अभिमान बाळगायला हरकत नाही.

हातपंपाभोवती सिमेंटचा गोल ओटा आला आणि बायका भांड्यांची पाटी तिथेच आणू लागल्या. भांडी घासायची जागा घराबाहेर गेली, पाण्याच्या शोधात.

घरातला खरा बदल चुलीपासून सुरू झाला. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवायची असते. म्हणून ओटा आला आणि स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. गॅसवर भांड्याला काजळी धरत नाही. काजळी नाही म्हणजे राख नको, खापर नको, पायाने दाबून घासणं नको. शिवाय राखही उरली नाही, कारण चूलच उरली नाही. याच सुमाराला स्टील घराघरांत शिरलं. बोहारीण जुन्या जरीच्या साडीच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देऊ लागली, लग्नाच्या रुखवतात पितळेची जागा स्टीलने घेतली, कल्हईवाल्याच्या फेऱ्या विरळ झाल्या. हलकं, आंबटाने न कळकणारं, एका हाताने विसळता येणारं भांडं. आता उथळ पेटीत, उभ्याने भांडी घासता येत होती. तरीही काही वर्षं पुष्कळ घरांत वर ओटा आणि खाली मोरी असा दुहेरी संसार चालला. चहाचे कप वर, कुकर खाली.

युरोपात हा विचार आधी झाला होता. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार-वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. त्यात सिंक, निथळण्याची जागा आणि कपाट अशा क्रमाने होतं की पावलं वाचावीत. आपल्याकडे ओटा बांधणाऱ्या गवंड्याने ही आखणी पाहिलेली नव्हती. त्याने मोरी होती तिथेच, बाहेरच्या भिंतीला, ओट्याच्या टोकाला सिंक बसवलं, कारण पाणी जायची जुनी वाट तिथेच होती. आजही कित्येक घरांत सिंक शेगडीपासून इतकं लांब का, याचं उत्तर त्या जुन्या भोकात आहे.

सिंकला दाबाचं पाणी लागतं. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी मिळू लागलं तरी नळ ठरावीक वेळीच येतो. गच्चीवर काळी टाकी चढली तेव्हा कुठे ओट्यावरची तोटी दिवसभर वाहू लागली. खेड्यात बोअरची मोटर आणि टाकी यांनी तेच केलं. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर उसाच्या पट्ट्यात जे बंगले झाले, त्यांत सिंक लवकर आलं. कोरडवाहू गावांत ते पुष्कळ उशिरा.

सिंक आलं, आणि मोरीला लागत नव्हती अशी निगा मागू लागलं. चांगल्या सिंकचं स्टील ३०४ प्रतीचं असतं, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा धरतो. त्यामुळेच स्टील गंजत नाही. स्वस्तातल्या सिंकमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते लवकर डागाळतं. दुकानात लोहचुंबक लावून पारख करतात, पण या दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा धरत नाही. तेव्हा तो भरवसा नको. या थराचा वैरी म्हणजे क्लोराइड. ब्लीचिंगचं पाणी, ॲसिड, मिठाचा ओला खडा रात्रभर राहिला की बारीक टोचे पडतात आणि तिथून गंज सुरू होतो. लोखंडी तारेच्या घासणीचा तुकडा अडकून राहिला तरी त्याचा गंज स्टीलला लागल्यासारखा दिसतो.

नगरच्या बोअरचं पाणी जड. सिंकवर, तोटीच्या मुळाशी जो पांढरा खर चढतो तो कॅल्शियमचा. मोरीतला शहाबादी दगड ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याचा. म्हणून दगडाला जे मारक, ते इथे औषध: लिंबाची फोड किंवा पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावायचं, धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. ओघळ मात्र शेजारच्या कडप्प्यावर जाऊ द्यायचा नाही. रात्री सिंक पुसून कोरडं ठेवलं तर खर फारसा चढत नाही, झुरळंही कमी फिरकतात.

खरी मेख सिंकच्या खाली असते. तिथे बाटलीच्या आकाराचा ट्रॅप आहे. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये शौचालयासाठी नळीला वाक देऊन त्यात पाणी अडवायची युक्ती नोंदवली, त्याच युक्तीचं हे धाकटं रूप. अडलेलं पाणी गटारीची घाण हवा घरात येऊ देत नाही. मे महिन्यात घर बंद ठेवून गावी गेलेली माणसं परत येतात तेव्हा स्वयंपाकघरात वास मारतो, कारण हे पाणी उडून गेलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो. ट्रॅप तुंबला तर खाली बादली ठेवून त्याचा खालचा पेला हाताने फिरवायचा. आतून करडा, तेलकट लगदा निघतो: चहाचा गाळ, भाताची शितं, मोहरी, एखादा चमचा. पेला घासून, रबरी वायसर सरळ बसवून पुन्हा लावायचा; पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी कॉस्टिकची पुडी ओतण्याची सवय घातक. पाणी पडताच ती तापते, प्लॅस्टिकच्या नळीला आणि डोळ्यांना अपाय करते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. तुंबण्याचं मूळ कारण तेल आहे. गरम पाण्यासोबत ते वाहतं आणि पुढे थंड नळीत थिजतं. कढई आधी कागदाने पुसून घेतली, तर नळी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. गोठा होता तेव्हा हे काम न सांगता होत होतं.

गोठा गेला, परस गेलं, आणि पाणी मात्र घागरींवरून टाक्यांवर गेलं. खेड्यांत सिंक आणि न्हाणीचं पाणी रस्त्यावर येऊ लागलं, त्याची डबकी झाली. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा शोषखड्ड्याचा आग्रह याच डबक्यांमुळे होता. पुढे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघड्या गटारी बुजवल्या आणि त्या नमुन्याचं नाव झालं. खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी. पाणी टाकीत पडतं, गाळ तळाशी बसतो, निवळ पाणी दगडांतून जमिनीत जातं. नगर जिल्ह्यात या विचाराला जमीन आधीच तयार होती. राळेगणसिद्धीत १९७५ पासून अण्णा हजारे यांनी आणि हिवरे बाजारात १९८९ पासून सरपंच पोपटराव पवार यांनी पाणी अडवण्या-जिरवण्याचं काम उभं केलं होतं. हिवरे बाजारात पाऊस किती झाला ते मोजून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीला बोअरचं पाणी घेत नाहीत. शिवारातल्या थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्यांना मोरीच्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं. पाच जणांच्या घरात हे पावणेतीनशे लिटर होतं आणि त्यातलं बरंचसं मोरी-सिंकमधून बाहेर येतं. शोषखड्ड्यालाही तेल सोसत नाही. तेलाचा थर दगडांवर बसला की पाणी मुरेनासं होतं आणि खड्डा उपसून दगड धुवावे लागतात. म्हणून सिंकची जाळी आणि खड्ड्याची टाकी ही एकाच निगेची दोन टोकं आहेत. शहरात दुसऱ्या टोकाशी सफाई कामगार असतो, पहिल्या टोकाशी बहुधा घरकाम करणारी बाई. तिच्या कामाची दखल कायद्याने घेतली ती २००८ मध्ये, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या अधिनियमाने. सिंकची उंची ठरवताना तिला विचारलं जात नाही. ओटा मालकिणीच्या मापाचा असतो आणि दिवसभरात चार-पाच घरांचे चार-पाच ओटे तिच्या पाठीला सोसावे लागतात.

अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांच्या कामामुळे परसबाग हा शब्द पुन्हा बचतगटांच्या बैठकांत ऐकू येऊ लागला. परसबागेला सिंकचं पाणी द्यायचं तर घर बांधतानाच प्लंबरला सांगावं लागतं: सिंकची नळी संडासाच्या नळीला जोडू नको, वेगळी बाहेर काढ, मध्ये तेल अडवायला जाळीचा छोटा चेंबर कर. भिंत उभी राहिल्यावर हेच काम फोडाफोडीचं होतं. नळीला पुरेसा उतार लागतो आणि चेंबरचं झाकण हाताने उचलता येईल एवढं हलकं. या पाण्यावर केळ, अळू, शेवगा, पपई नीट वाढतात. कच्ची खायची कोथिंबीर-मुळ्याची पानं मात्र त्यावर घेत नाहीत.